सामाईक खोलीतला कामरलादर

आमच्या फुरुलिया सोसायटीत जिन्यात कोणी कोणाशी बोलत नाही. भांडण आहे म्हणून नव्हे, तशी पद्धत आहे. समोरून कोणी येताना दिसलं की माणूस खिशात किल्ली शोधायला लागतो, आणि किल्ली हातातच असली तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो. उत्तर युरोपातल्या आमच्या कोंग्सबर्ग शहरात मी आयुष्यभर मोटार चालवायला शिकवली. अर्ध्या शहराच्या शेजारी बसून मी ब्रेक दाबलेला आहे. तरी जिन्यात मला ओळख देणारा माणूस विरळाच. अशा या सोसायटीच्या भिंतीवर मी एक जुनी बंदूक टांगायचं मनावर घेतलं. दोन खिळे आणि एक हातोडा, एवढंच काम होतं.

बंदूक माझी नव्हती. ती आमच्या खाली तळमजल्यावर राहणाऱ्या इंगवाल्डची. इंगवाल्ड निवृत्त दंतवैद्य, एकटा राहणारा, वयाने माझ्या वडिलांच्या जवळ जाणारा. त्याच्या पणजोबांनी ही बंदूक लष्कराच्या मोडीतून घेतली, तेव्हापासून ती घराण्यात आहे. रोज सकाळी कॉफी उकळायला ठेवली की इंगवाल्ड तिला खुंटीवरून उतरवायचा, उजव्या अंगाचा दांडा वर फिरवायचा. दांड्याबरोबर गोळी ठेवायची कोठी वर उचलली जायची. तो आत डोकावून बघायचा, तेलाचा थेंब सोडायचा आणि दांडा परत खाली. हे सगळं करताना तो सवयीने म्हणायचा, "आ करा. छान. मिटा."

तो आवाज पाण्याच्या पाइपातून थेट आमच्या झोपायच्या खोलीत यायचा. खट्, खटाक. लग्नानंतर आम्ही घड्याळ म्हणून घेतलं नाही. आवाज आला की गुनवोर, म्हणजे माझी बायको, डोळे न उघडता म्हणायची, "ऊठ, इंगवाल्ड उठला."

यंदा इंगवाल्डच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. एकदा स्वयंपाकघरात पडला आणि दुपारपर्यंत तिथेच होता. मुलगी दूर उत्तरेला त्रोम्सोला असते, तिने वृद्धाश्रमात खोली घेतली. वृद्धाश्रमात बंदूक चालत नाही. मुलगी म्हणाली, संग्रहालयाला देऊन टाका. पण संग्रहालयात अशा कपाटभर आहेत.

"काचेत ठेवतात रे," इंगवाल्ड मला कॉफी ओतत म्हणाला. "काचेत गेली की तिला कोणी हात लावत नाही. दांडा हलला नाही तर गंजून बसेल. मग ती बंदूक कसली, लोखंडाची पट्टी."

"मग काय करायचं म्हणता?"

"सामाईक खोलीत टांग. कॉफीच्या यंत्राच्या वर. येता-जाता कोणी ना कोणी तिला आ करायला लावेल."

"या सोसायटीत?"

"या सोसायटीत," तो म्हणाला. रोग्याला 'दुखणार नाही' सांगताना तो याच आवाजात सांगायचा, आणि ते खोटं असतं हे मला माझ्या दाढेपासून ठाऊक होतं. पण बोलता बोलता त्याने माझा भरलेलाच कप पुन्हा भरायला घेतला. मी हो म्हणून बसलो.

आता इथे शब्दाचा एक घोटाळा आहे. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्यापेक्षा आपल्याला जास्त अक्कल असल्याचं समाधान वाचकांना पहिल्यापासून मिळेल. आमच्या भाषेत कामर म्हणजे कोठी किंवा खोली, आणि लादर म्हणजे भरणारा. नळीच्या मागच्या कोठीत गोळी भरायची म्हणून या बंदुकीचं नाव कामरलादर. आमच्या शहरातच ती घडली, त्यामुळे माझ्या पिढीला हे नाव शाळेपासून माहीत. पण हल्ली गावात बाहेरून आलेले इंजिनियर भरलेत, आणि त्यांच्या लेखी लादर म्हणजे एकच, चार्जर. मोबाइलचा, आणि त्याहून जास्त मोटारीचा. म्हणजे कामरलादर तो खोलीत बसवायचा चार्जर. सोसायटीतल्या निम्म्या गाड्या विजेच्या, आणि अंगणात चार्जर नाही, हे इथलं जुनं दुखणं. मला ते माहीत असायला हवं होतं. पण मी अजून पेट्रोलवर आहे.

मी अर्ज केला: 'सामाईक खोलीच्या भिंतीवर सर्व सभासदांच्या उपयोगासाठी एक कामरलादर बसवण्यास परवानगी मिळावी. वस्तू विनामूल्य मिळत आहे.' पायपुसणं बदलायला समितीने दोन हिवाळे घेतले होते, म्हणून मी वसंत ऋतूपर्यंत थांबायची तयारी ठेवली होती. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षबाई विग्दिस स्वतः वर आल्या. बाई बर्गनच्या, म्हणजे बोलण्यात जोर आणि नियमात त्याहून जोर.

"त्रिग्वे, समितीने एकमताने मंजूर केलंय," त्या म्हणाल्या. "तुमची मोटारवाल्यांत ओळख असणार, तिचा असा उपयोग केलात. शेवटी कोणीतरी पुढाकार घेतला म्हणायचा."

मोटारीचा इथे काय संबंध ते मला कळलं नाही, पण कौतुक चाललेलं असताना मध्ये प्रश्न विचारू नये एवढा व्यवहार मला कळतो.

त्यानंतर जे सुरू झालं ते चमत्कारिक होतं. लोक जिन्यात थांबायला लागले. कोणी केकचा तुकडा आणून दिला. दुसऱ्या मजल्यावरचा योर्न नावाचा तरुण इंजिनियर, जो आजवर मला बघून किल्ली शोधायचा, त्याने चक्क हात पुढे केला.

"तुम्हीच ना कामरलादरवाले? किती वाट बघितली आम्ही. वेग कसा आहे?"

शहराला एकदाचं इतिहासाचं भान आलं, या विचाराने मी त्याचा हात सोडलाच नाही. "त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता," मी म्हटलं. "हात बसला की झटक्यात भरतो."

"आणि थंडीत? थंडीत सगळेच मंदावतात."

"थंडीसाठीच तर केलाय. हातमोजे घालून भरता येतो. बर्फात आडवं पडूनसुद्धा."

"आडवं कशाला पडायचं?"

"वेळ आली तर. मुख्य म्हणजे हा मागून भरायचा. पुढून भरायचा जमाना संपला."

योर्नचा चेहरा उतरला. "माझी पुढून आहे."

"तुमच्याकडेही आहे?" मी चकित झालो. पुढून भरायची म्हणजे आणखी जुनी.

"सगळ्यांकडेच आहे की. खाली उभी असते."

"अंगणात? पावसात?"

"मग कुठे ठेवणार? दर शनिवारी धुतो मी."

"धुता?" मी म्हटलं. "साबणाने?"

"साबणानेच. वरून मेण."

घरी येऊन मी गुनवोरला म्हटलं की, या पोराकडे पणजोबांच्याही आधीच्या काळातली बंदूक आहे आणि गाढव ती साबणाने धुतो. गुनवोर म्हणाली, "तू त्याच्या भानगडीत पडू नकोस. तुझी आहे तीच निस्तर." माझ्या बायकोला पुढचं दिसतं असं नाही, पण बोलून ती मोकळी झालेली असते.

दुसऱ्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरच्या सोलफ्रिडबाई. पोस्टातून निवृत्त, गाडी नाही, हिवाळाभर घसरगाडीवरून बाजारहाट करतात. त्यांनी मला कचऱ्याच्या डब्यांपाशी गाठलं.

"आग लागते म्हणे त्या कामरलादरला."

मी प्रामाणिक माणूस आहे. "सुरुवातीला मागच्या फटीतून जरा जाळ निसटायचा," मी कबूल केलं. "पण यंत्रणा सगळी खालच्या अंगाला आहे. डोळे वाचतात."

"डोळे वाचतात. आणि फुटला तर?"

"भरताना अति केलं तरच. आणि पुढे उभं राहू नये. मागे उभं राहिलं की काही होत नाही."

सोलफ्रिडबाईंनी कचरा टाकायचा तसाच राहू दिला आणि वर जाऊन समितीला हरकत लिहिली. त्यावर समितीने माझ्याकडे सुरक्षिततेचा दाखला मागितला. बंदुकीचा दाखला कोण देणार? पोलीस. मी इंगवाल्डकडून बंदूक घेतली, स्कीच्या लांब पिशवीत घातली आणि बर्फाचा पत्ता नसताना, ऐन सप्टेंबरात बसमध्ये बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं, मग पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, "लवकर निघालात." मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

चौकीतल्या पोलीसबाई भल्या होत्या. त्यांनी बंदूक बघितली, दांडा दोनदा फिरवून बघितला. "फार जुनी आहे. हिच्या गोळ्याच आता कोणी बनवत नाही. परवाना लागत नाही."

"तसं लिहून द्या."

"परवाना लागत नाही याचा परवाना आम्ही देत नाही."

"मग समितीला मी काय दाखवू?"

"काही दाखवायची गरज नाही, हेच दाखवा."

मी विग्दिसबाईंना जाऊन सांगितलं की पोलिसांची काही हरकत नाही.  "तुम्ही पोलिसांपर्यंत जाऊन आलात?" त्यांनी विचारलं. "काम अर्धवट ठेवत नाही मी," मी म्हटलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. आमच्याकडे याचा अर्थ फार मोठा होतो.

मग एके सकाळी सामाईक खोलीतून घरघर ऐकू आली. ही खोली इंगवाल्डच्या घराला लागूनच आहे, भिंत एक आणि पाण्याचा पाइपही एकच. जाऊन बघतो तो एक कामगार बाहेरच्या भिंतीला आरपार भोक पाडत होता. भोकातून अंगणातल्या गाड्या दिसत होत्या आणि थंड वारा येत होता.

"एवढं भोक कशाला? मला दोन खिळे पुरे होते."

"जाड वायर यायचीय."

"कशाला?"

"तुमच्या कामरलादरला," तो म्हणाला आणि पुन्हा घरघर सुरू केली.

मी विचार केला. मौल्यवान वस्तू, चोरघंटा बसवत असणार. समितीने इतकं मनावर घेतलेलं बघून मला भरून आलं. मूर्खपणा माणसाला किती सुखात ठेवतो याची कल्पना तो संपल्यावर येते.

एव्हाना सोसायटीत दोन तट पडले होते. एक म्हणत होता, बसवा. दुसरा सोलफ्रिडबाईंचा, तो म्हणत होता, ज्यांच्याकडे नाही त्यांनी का म्हणून सोसायचं. शेवटी विग्दिसबाईंनी खास सभा बोलावली आणि मला कामरलादरची माहिती द्यायला सांगितलं. सभेच्या दुसऱ्याच दिवशी इंगवाल्डची मुलगी त्याला न्यायला येणार होती. म्हणजे बंदूक टांगायची तर त्याच संध्याकाळी, नाहीतर ती जायची संग्रहालयात. "काळजी करू नका," मी इंगवाल्डला म्हटलं. "सगळी सोसायटी येतेय." तो आत जाऊन टाय घेऊन आला. मग त्याने गुनवोरला टायची गाठ बांधून द्यायला सांगितली.

सभेला खोली तुडुंब. वाफलची जाळीदार गोड धिरडी भाजली जात होती, वर तपकिरी चीज, कॉफीचा वास. पहिल्या रांगेत टाय लावून इंगवाल्ड, मांडीवर स्कीची पिशवी. मी कधी एवढ्या लोकांपुढे बोललो नव्हतो. माझी विद्यार्थीसंख्या नेहमी एक असायची, आणि तोही रस्त्याकडे बघायचा.

"अठराशे बेचाळीस," मी सुरुवात केली. "युरोपभरचे सैनिक तेव्हा उभं राहून नळीच्या तोंडातून गोळी ठासत होते. उभा राहिला की दिसला, दिसला की मेला. आणि आपला देश तो केवढा, गरीब, थंड, लष्कर मूठभर. त्या लष्कराने ठरवलं की आमचा माणूस दगडाआड पडून राहील आणि मागून भरेल. मोठ्या मोठ्या देशांना हे पुष्कळ उशिरा सुचलं."

योर्नने मोबाइल खाली ठेवला. विग्दिसबाई म्हणाल्या, "त्रिग्वे, सैनिक कुठून आले मध्येच?"

"आणि इतकं करून," मी रंगात आलो होतो, "आपण तिच्यासह एकही लढाई लढलो नाही. वीस-पंचवीस वर्षांत पितळी काडतुसं आली आणि ती मोडीत निघाली. शेतकऱ्यांनी घेतली, हरणं मारली. सगळ्यांच्या आधी आली आणि सगळ्यांच्या आधी निवृत्त झाली. त्यातलीच ही एक."

इंगवाल्डने पिशवीची चेन उघडली आणि बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरली.

खोलीत फक्त वाफलच्या तव्याची चरचर उरली. "ही बंदूक आहे," विग्दिसबाई म्हणाल्या.

"कामरलादर आहे," इंगवाल्डने दुरुस्ती केली.

"आणि लादर?" योर्नने विचारलं. "गाडीचा?"

माझी नजर भिंतीतल्या भोकाकडे गेली. भोकातून योर्नची गाडी दिसत होती. धुतलेली, मेण लावलेली, पुढून भरायची. आणि मग एकेक गोष्ट जिना चढून माझ्यापर्यंत आली: केक, हस्तांदोलन, जाड वायर. मागून कोणीतरी हसलं, आणि मग पुष्कळ जण हसले. मला लाज वाटली. स्वतःसाठी थोडी, इंगवाल्डसाठी फार. मी चुकलो त्याचं काही नाही, आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकांवर ब्रेक मारला, एखादी माझी. पण तो बिचारा टाय बांधून आला होता. एवढी माणसं आपल्या बंदुकीसाठी जमली असं त्याला मी सांगितलं होतं.

इंगवाल्ड बंदूक पिशवीत घालायला लागला. चेन अडकली. "काही हरकत नाही," तो चेनशी झटापट करत म्हणाला. "संग्रहालयात जागा आहे. आम्ही जातो."

"थांबा," सोलफ्रिडबाई उठल्या. "म्हणजे ती आग लागणारी पेटी या खोलीत येणार नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"आणि जाळ, स्फोट, डोळे, ते सगळं हिचं?"

"दीडशे वर्षांपूर्वीचं."

"मग माझी हरकत नाही. हरकत मागे घेते."

त्यावर योर्नचा तट उसळला. आम्ही काय बंदुकीने गाडी भरू, वगैरे. विग्दिसबाईंनी चमच्याने कप वाजवला.

"ठराव असा आहे," त्या म्हणाल्या, "की सामाईक खोलीच्या भिंतीवर एक कामरलादर बसवावा. एकमताने मंजूर. आपल्या मनात काय होतं ते इतिवृत्तात लिहिलेलं नाही. लिहिलंय ते बसवावं लागेल. ठराव फिरवायचा असेल तर पुन्हा सभा."

पुन्हा सभा म्हटल्यावर दोन्ही तटांचा जीव एकदमच गारठला.

"आणि भोक?" योर्न म्हणाला. "भोकाचं काय करायचं?"

तेव्हा इंगवाल्ड बोलला. अंगणात भिंतीला लागून त्याची गाडी ठेवायची जागा होती. गाडी त्याने कधीच विकली होती, पण जागा सोडली नव्हती, आणि त्या रिकाम्या जागेवरून सोसायटीने त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या होत्या. "भोक माझ्या जागेवरच उघडतं," तो म्हणाला. "मी उद्या जातोय. मला ती लागणार नाही. तुमचा लादर तिथे बसवा. पण हिला आत राहू द्या. आणि काचेत नको. येता-जाता कोणीतरी हात लावा, एवढंच."

योर्नने हातातली बशी खाली ठेवली. मग उठला, त्याने चेन सोडवून दिली आणि विचारलं, "भरतात कशी हो ही?"

"आ करा," इंगवाल्ड बंदुकीला म्हणाला आणि दांडा वर फिरवला. कोठी वर आली. खट्. "छान. मिटा." खटाक.

आमच्या लोकांना रांग लावायला फार आवडतं, कारण रांगेत बोलावं लागत नाही. त्या दिवशी रांगेत लोक बोलले. एकेकाने दांडा फिरवला, इंगवाल्ड प्रत्येकाला म्हणत होता, जोर नको, सावकाश. सोलफ्रिडबाई सर्वांत शेवटी आल्या. दांडा फिरवून त्यांनी गालाला हात लावला. "तुम्ही माझी अक्कलदाढ काढलीत तेव्हा अगदी असाच आवाज आला होता," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दुखणार नाही म्हणाला होतात." इंगवाल्ड इतका हसला की त्याला बसवावं लागलं. बंदूक मी टांगली. थोडी तिरकी टांगली गेली, ते गुनवोरने सगळ्यांदेखत सांगितलं.

सकाळी मुलगी आली. गाडीत बसल्यावर इंगवाल्डने काच खाली केली. "त्रिग्वे, दांडा रोज कोण हलवेल?"

"मी आहे ना."

"तू नाहीस," तो म्हणाला. "तू माझ्या आवाजाने उठतोस."

 गाडी वळणाआड गेली तरी मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. पाइप गप्प. आम्ही दोघं उठलो तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. मी धावत खाली गेलो, दांडा फिरवला, पण उशिरा. उशिरा म्हणजे कोणाला, ते मला सांगता येणार नाही. दिवसभर मला काही गोड लागलं नाही.

त्याच्या पुढच्या सकाळी मी आपणहून जागा झालो आणि अंधारात पडून राहिलो. उठायला हवं हे कळत होतं. पांघरूण बाजूला करणार, तेवढ्यात पाइपातून आवाज आला. नवशिक्या हाताचा, अडखळत. खट्. जरा थांबून पुन्हा खट्. मग एका बाईचा आवाज, पोस्टाच्या खिडकीतून येतो तसा करडा: "आ करा म्हणते ना." आणि मग, खटाक.

गुनवोरने डोळे उघडले नाहीत.

"ऊठ," ती म्हणाली, "इंगवाल्ड उठला."